टेकडीवरचं घर परत आलं तेव्हा

२०२३च्या जुलैत आमच्याकडे असा पाऊस लागला की मला कुडाळ आठवावं. १० आणि ११ जुलैला व्हरमाँट राज्यात पूर आला. माँटपेलियर हे तिथलं राजधानीचं गाव, तिथे मुख्य रस्त्यांवर पाणी भरलं, दुकानांची तळघरं बुडाली. मी राहते न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन गावात. मधे कनेटिकट नदी, ती ओलांडली की व्हरमाँट. पाणी ओसरल्यावर कामावरची एक मैत्रीण जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "ईस्ट कोरिंथच्या टेकडीवर ते घर परत आलंय." परत बांधलंय असं ती म्हणाली नाही, परत आलंय म्हणाली. त्या संध्याकाळी मी गाडी काढली.

हे कुठलं घर ते सांगायचं तर मला २००६ सालात जावं लागेल. मी इथे शिकायला आले ते वर्ष. एका सत्तरीच्या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली मी भाड्याने घेतली होती. इथे वयाने कितीही मोठं माणूस असलं तरी नावाने हाक मारतात, तशी मीही मारायचे, मनात मात्र त्यांना आजीच म्हणायचे. ऑक्टोबर संपत आला होता. घराघरांच्या पायरीवर कोरलेले भोपळे, मेपलची पानं गळून रस्त्याच्या कडेला ढीग लागलेले, आणि पाच वाजताच अंधार पडायला सुरुवात. घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसाला त्या अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. आजींनी एका संध्याकाळी मला खाली बोलावलं, सफरचंदाचा गरम रस हातात दिला आणि टीव्हीवर 'बीटलज्यूस' लावला. "हा आपल्याच इथला," म्हणाल्या. "वरच्या बाजूला, तासाभराच्या आत."

'बीटलज्यूस' हा टिम बर्टनचा १९८८चा सिनेमा. भुतांचा आहे आणि विनोदी आहे. पडद्यावर गावाचं नाव विंटर रिव्हर आणि राज्य कनेटिकट, पण बाहेरचं सगळं चित्रण झालं ते व्हरमाँटमधल्या ईस्ट कोरिंथमध्ये. अ‍ॅडम आणि बार्बरा मेटलंड हे तरुण नवराबायको टेकडीवरच्या आपल्या घरात सुट्टी घालवायची ठरवतात. दुसरीकडे कुठे जायचं नाही, घरीच राहायचं, घर रंगवायचं, आवरायचं. दुकानातून सामान घेऊन येताना कुत्र्याला वाचवायला जातात, गाडी पुलावरून नदीत पडते. दोघं भिजून घरी येतात, शेकोटीसमोर बसतात, आणि हळूहळू त्यांना कळतं की आपण मेलोय. मेलेल्यांच्या कचेरीत टोकन घेऊन बाकावर बसावं लागतं, तिथली बाई सांगते, तुम्हाला या घरात १२५ वर्षं काढायची आहेत. तोवर घर विकलं जातं. न्यूयॉर्कहून डीट्झ कुटुंब राहायला येतं आणि त्या साध्या, उबदार घराच्या भिंती पाडायला लागतं. मेटलंडांना त्यांना हुसकावायचंय, पण दोघंही इतकी भली की त्यांना कुणाला घाबरवता येत नाही. ते दोघं दिसू शकतात फक्त नव्या मालकांच्या मुलीला, लिडियाला, काळे कपडे घालणाऱ्या, कुणाशी न बोलणाऱ्या. मग नाइलाजाने ते त्या बेभरवशाच्या भुताला बोलावतात, ज्याचं नाव तीनदा घेतलं की तो हजर होतो.

आजींना वाटलं होतं मी खूप हसेन किंवा दचकेन. मी रडले. घरापासून लांब असल्याने असेल, पण तेवढंच कारण नव्हतं. हा सिनेमा मला कुणी समजावून द्यावा लागला नाही, तो मला आधीच ठाऊक होता.

कोकणातल्या माणसाला घरात मेलेली माणसं राहतात यात नवल वाटत नाही. आमच्या घरात मूळपुरुष आहे. त्याला पहिला नारळ, नवं काही करायचं तर आधी त्याला गाऱ्हाणं. गाऱ्हाणं म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे, ते बोलणं असतं, समोर बसलेल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं: बा म्हाराजा, आम्ही हे असं करतोय, चुकलंमाकलं पोटात घाल. माझी आजी मुंबईहून मे महिन्यात गावी आली की बंद घराचं कुलूप काढण्याआधी कडी दोनदा वाजवायची. लहानपणी मी विचारलं होतं, आत कुणी नाही तर वाजवतेस कशाला? ती म्हणाली होती, वर्षभर घर सांभाळलं ते झोपले असतील, त्यांना एकदम दचकवायचं नाही. म्हणजे आमच्याकडे पाहुणे आम्ही, आणि घरचे ते. मेटलंड जोडप्याची गोष्ट हीच. आणि शेवटी जिवंत आणि मेलेले एकाच छपराखाली राहायला लागतात, लिडिया शाळेतून घरी येते, गणितात चांगले गुण मिळालेत म्हणून ते दोघं भूत तिला हॅरी बेलाफॉन्टेच्या गाण्यावर हवेत तरंगत नाचू देतात. एका एकट्या मुलीला चार आईबाप मिळतात. इतकं मायेचं घर मी अमेरिकन सिनेमात त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणखी एक. आमच्या काकीने मला लहानपणी बजावलेलं असायचं, "रातीचा नाव घेव नको त्याचा, जनावर म्हण." सापाबद्दल. नाव घेतलं की तो येतो. म्हणून रात्री जनावर म्हणायचं, नाहीतर लांबडं. नाव तीनदा उच्चारलं की येणारं भूत दाखवणाऱ्या माणसाने हे आमच्याकडून घेतलेलं नाही, पण नावात हाक असते आणि हाकेला कुणीतरी ओ देतं, ही समजूत त्यांच्याकडेही आहे हे पाहून मला बरं वाटलं. त्या भुताच्या नावाची गंमत तर मला नंतर कळली. पडद्यावर त्याचं नाव लिहिलेलं दिसतं ते आकाशातल्या ताऱ्याचं. मृगाच्या खांद्यावरचा तो तांबूस तारा, ज्याला मराठी ज्योतिषाची पुस्तकं काक्षी म्हणतात, तोच आपल्याकडे आर्द्रा नक्षत्राचा तारा मानतात. २१-२२ जूनला सूर्य आर्द्रात जातो आणि आमच्याकडे भाताच्या लावणीची घाई सुरू होते. ज्या नक्षत्राचा पाऊस आम्ही शेतात अंगावर घेतला, त्याचं नाव इथे एका पट्ट्यापट्ट्यांच्या कोटातल्या भुताला दिलेलं.

दुसऱ्या दिवशी आजींनी मला ईस्ट कोरिंथ दाखवायला नेलं. आंतरराज्य रस्ता ९१ने उत्तरेकडे, १६ क्रमांकाच्या फाट्याला ब्रॅडफर्ड, तिथून रस्ता २५ने वेट्स नदीच्या कडेकडेने आत. कोरिंथ हे सगळं मिळून दीडेक हजार वस्तीचं गाव, ईस्ट कोरिंथ त्यातली एक वाडी म्हणा. पांढरं चर्च, पांढरी लाकडी घरं, वाण्याचं दुकान, वाचनालय, हिरव्या टेकड्या. मी टेकडीवर घर शोधत राहिले. आजी म्हणाल्या, ते कधीच नव्हतं. १९८७ साली चित्रणासाठी नुसता दर्शनी भाग उभा केला होता, मागे काही नाही. आतले सगळे प्रसंग कॅलिफोर्नियात स्टुडिओत घेतलेले. पुलावरचं लाकडी छप्परसुद्धा सिनेमासाठीच घातलेलं. काम झालं आणि सगळं उचलून नेलं. पण लोक आले की अजून तिकडेच बोट दाखवतात, तिथे घर होतं म्हणून.

त्या मोकळ्या टेकडीकडे बघत आम्ही दोघी बराच वेळ उभ्या होतो. त्यानंतर सतरा वर्षांत मी तिथे अनेकदा गेले. पाहुणे आले की नेलं, लग्न झाल्यावर नवऱ्याला नेलं. आजी आता नाहीत.

दुसरा भाग येणार, येणार, असं या सगळ्या वर्षांत कितीदा तरी कानावर आलं. पहिल्या भागाने दीडेक कोटी डॉलर खर्चात सात कोटींवर कमाई केली होती, रंगभूषेचं ऑस्कर मिळवलं होतं, १९८९ ते १९९१ त्याची कार्टून मालिकाही चालली. सगळ्यांना पुढची गोष्ट हवी होती. या भुताला हवाईच्या समुद्रकिनाऱ्यावर नेणारी एक पटकथाही १९९०च्या सुमारास लिहून झाली होती. ती बनली नाही, आणि मला त्याचा आनंद आहे. या गोष्टीतून ती टेकडी काढून घेतली असती तर काय उरलं असतं? मधे २०१९ला ब्रॉडवेवर संगीत नाटक झालं. बर्टन पहिल्या भागानंतर बॅटमॅनकडे वळला, त्यातही नायक मायकल कीटनच, ज्याने त्या भुताचं काम केलं होतं, मग बर्टन आणखी कुठे कुठे गेला. लिडिया झालेली विनोना रायडर पहिल्या भागाच्या वेळी १५ वर्षांची होती. ती मोठी झाली, आमच्या डोळ्यांसमोर.

तर जुलै २०२३. ब्रॅडफर्डवरून आत वळले, वेट्स नदी अजून गढूळ वाहत होती. शेवटच्या वळणावर टेकडी दिसली आणि तिच्यावर घर होतं. तेच. तीच उंच अरुंद गच्ची, तोच टोकदार माथा. मी गाडी रस्त्याकडेला घेतली. आणखी सात-आठ माणसं तिथे होती, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ, हातात टोपी, मला म्हणाले की ८७ साली मी चोवीस वर्षांचा होतो आणि याच जागी उभा होतो. बस, एवढंच. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. मला आजी तिथे हव्या होत्या.

मला ठाऊक होतं की ते पुन्हा दर्शनी भागच आहे, मागून आधार लावलेला. तरी मला वाटत राहिलं की कुणीतरी आत दिवा लावेल.

त्याच दिवसांत बाकी गोष्टी वेगाने घडल्या. १४ जुलैला हॉलीवूडच्या नटांचा संप सुरू झाला आणि दुसऱ्या भागाचं चित्रण जागच्या जागी थांबलं. बर्टनने नंतर सांगितलं की फक्त दीड दिवसाचं काम उरलं होतं. छत्तीस वर्षं थांबलेली गोष्ट दीड दिवसासाठी अडकली, ती नोव्हेंबरात सुटली. नट ज्या मागण्यांसाठी उभे राहिले त्या मला योग्य वाटत होत्या, आजही वाटतात. आणि त्याच आठवड्यात चित्रणाच्या जागेवरून दोन वस्तू चोरीला गेल्याचं व्हरमाँटच्या राज्य पोलिसांनी जाहीर केलं: भोपळ्याची सजावट असलेला एक मोठा दिव्याचा खांब, आणि १५० पौंडांचं, म्हणजे सत्तरेक किलोचं, एक शिल्प. आमच्या भागात लोक घराला कुलूप लावत नाहीत, दुकानाबाहेर भाजी ठेवून पैशांचा डबा ठेवतात. बातमी ऐकून सगळ्यांना आपल्याच घरात चोरी झाल्यासारखं लागलं.

'बीटलज्यूस बीटलज्यूस' २८ ऑगस्ट २०२४ला व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला, त्याच सिनेमाने महोत्सवाचं उद्घाटन झालं. इथे तो लागला ६ सप्टेंबरला. त्या दिवशी हरतालिका होती आणि दुसऱ्या दिवशी गणपती. मायकल कीटनचा ७३वा वाढदिवस आदल्या दिवशी झाला होता. पहिला भाग आला तेव्हा तो ३६ वर्षांचा होता, म्हणजे त्याच्या तेव्हाच्या वयाइतकीच वर्षं मधे गेली. आमचा दीड दिवसांचा गणपती, मोदक, आरतीला जमलेली पाच मराठी घरं, यात मला थिएटरला जाता आलं नाही. गेले ती २१ सप्टेंबरच्या शनिवारी रात्री. पितृपक्ष चालू होता. आमच्याकडे म्हाळ म्हणतात. मला ती वेळ अगदी बरोबर वाटली.

(पुढे गोष्टीतलं थोडं सांगते आहे. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी बघून मग वाचावं.)

हा सिनेमा मरणाने सुरू होतो आणि एका मरणासाठीच सगळे परत त्या घरी येतात. लिडियाचे वडील चार्ल्स विमान अपघातात वाचतात आणि मग शार्कच्या तोंडी जातात. तो प्रसंग बाहुल्या एकेका चौकटीने हलवून केलाय, हाताने केलेल्या कामाचा सगळा गोडवा त्यात आहे. टेकडीवरच्या घराला शोकाचं काळं कापड गुंडाळलेलं. अंत्यविधीला लहान मुलं बेलाफॉन्टेचं तेच 'डे-ओ' गातात, जे पहिल्या भागात जेवणाच्या टेबलावर भुतांनी पाहुण्यांच्या तोंडून वदवलं होतं. तेव्हा ते धमाल होतं. इथे मुलांच्या बारीक आवाजात ऐकताना माझ्या घशात आवंढा आला. बेलाफॉन्टे २५ एप्रिल २०२३ला गेले, चित्रण सुरू होण्याच्या थोडेच दिवस आधी.

लिडिया आता पन्नाशीची आहे. टीव्हीवर भुतांच्या घरांचा कार्यक्रम करते, केसांची बट तीच, कपडे काळेच. तिची मुलगी अ‍ॅस्ट्रिड, म्हणजे जेना ऑर्टेगा, भुतांवर विश्वास ठेवत नाही. का ठेवत नाही, हे या सिनेमातलं मला सगळ्यात खरं वाटलेलं. तिचे वडील गेलेत. आई जगातल्या सगळ्यांचे मेलेले बघू शकते म्हणते, मग माझ्या बाबांना का बघू शकत नाही? या प्रश्नाला आईकडे उत्तर नाही. थिएटरात माझ्या शेजारी माझी तेरा वर्षांची मुलगी बसली होती. तिला मराठी समजतं, बोलताना ती इंग्रजीत जाते. तिच्या पणजीची कडी वाजवायची गोष्ट मी तिला सांगितलेली आहे आणि ती ऐकून घेते, प्रेमाने, पण ती गोष्ट तिची होत नाही. पडद्यावरची आई लेकीला जे दिसत नाही ते दाखवायला धडपडत होती आणि मी अंधारात माझ्या मुलीचा हात धरून होते. पहिला भाग मी लिडियाच्या जागी बसून पाहिला होता. दुसरा लिडियाच्याच जागी बसून पाहिला, फक्त आता ती आई होती. असं करता येणं फक्त उशिरा आलेल्या दुसऱ्या भागालाच शक्य असतं. दोन-तीन वर्षांत आला असता तर त्यात हवाई असतं, नाहीतर आणखी मोठं भूत असतं, ही आई नसती.

लिडियाची सावत्र आई, कॅथरिन ओहारांची डीलिया, मात्र अजिबात बदललेली नाही आणि ते फार सुंदर आहे. नवरा गेल्याच्या दुःखाचंही ती कलाकृतीत रूपांतर करते, साप घेऊन विधी करते आणि त्या सापांनीच जाते. काकीला मी हे सांगितलं तर ती म्हणेल, नाव घेतलं असेल. पहिल्या भागाच्या कामात ओहारा आणि कलादिग्दर्शक बो वेल्च यांची ओळख झाली, १९९२ला त्यांनी लग्न केलं. तेव्हा त्या खोट्या घराने एक खरं घरही उभं केलंय.

मोनिका बेलुचीचं पात्र, विलेम डॅफोचा मेलेला पोलीस, हे सगळं भरताड वाटलं. पावणेदोन तासांत गोष्टीच्या चार-पाच दोऱ्या आहेत आणि दोन पुरल्या असत्या. कीटन पहिल्या भागात जेमतेम सतरा मिनिटं दिसतो आणि तरी सिनेमा त्याचा होतो. या वेळीही त्याला आवरता ठेवलाय, हे शहाणपण. आवाज तोच, घोगरा आणि बेरकी.

आणि आता माझी तक्रार, जी माझ्या मनातून अजून जात नाही.

मेटलंड कुठे आहेत? अ‍ॅडम आणि बार्बरा, ज्यांचं ते घर. माळ्यावर अ‍ॅडमने बनवलेली गावाची छोटी प्रतिकृती अजून आहे. मुलगी विचारते, लिडिया एका वाक्यात सांगते की त्यांना नियमातली पळवाट सापडली आणि ते पुढे गेले. झालं. अ‍ॅलेक बाल्डविन आणि जीना डेव्हिस यांचं वय वाढलं, भुतांचं वय वाढत नसतं, म्हणून ही अडचण आली असणार हे मला समजतं. पण १२५ वर्षं त्या घराशी बांधलेली ती दोघं, ज्यांनी लिडियाला मायेने वाढवलं, त्यांचा निरोप एका वाक्यात? तिने त्यांना जाताना पाहिलं का? रडली का? आणि ते नाहीत म्हणूनच बहुतेक ते घर विकायला काढणं डीलियाला आणि तिला इतकं सोपं गेलं. घरचे निघून गेल्यावर उरतं ते बांधकाम.

इथे मला आपल्या 'झपाटलेला'ची आठवण झाली. महेश कोठारेंचा पहिला १९९३चा, दुसरा २०१३चा, वीस वर्षांनी. तात्या विंचू परत आला, रामदास पाध्यांची बाहुली परत आली, पण लक्ष्या नव्हता, लक्ष्मीकांत बेर्डे २००४लाच गेले होते. डोंबिवलीला सुट्टीवर असताना मी तो पाहिला, डोळ्यांवर थ्रीडीचा चष्मा लावून, आणि सबंध थिएटर त्याची वाट बघतंय असं मला वाटत राहिलं. उशिरा आलेल्या दुसऱ्या भागाला हे देणं द्यावंच लागतं. जो आता नाही त्याच्यासाठी पाट मांडून ठेवावा लागतो.

मी हे इतकं मनाला का लावून घेते, तर आमचंही घर आहे. कुडाळपासून आत, चिऱ्याचं, ओटी, माजघर, मागे पडवी. वडील डोंबिवलीला, चुलते गेले, काकी बाजूच्या नव्या घरात राहते आणि जुनं बंद असतं. पुण्याचे एक जण मागे लागलेत, पर्यटकांसाठी खोल्या करायच्यात. व्हरमाँटमध्ये बाहेरून येऊन जुनी घरं घेणाऱ्यांना फ्लॅटलँडर म्हणतात, सपाटीवरची माणसं. पहिल्या सिनेमातले डीट्झ तसेच. इथल्या जुन्या लोकांच्या तोंडी तो शब्द ऐकला की मला आमच्या वाडीतली माणसं आठवतात. किंमत चांगली येतेय, छप्पर शाकारायला माणूस मिळत नाही, आणि वडील थकलेत. त्यामुळे कुणी विकू म्हणालं तर मी त्याला चूक म्हणू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मी काकीला फोन लावला. इथे नऊ वाजले होते, तिथे तिन्हीसांज. सर्वपित्री २ ऑक्टोबरला होती, वाडीला काय काय करायचं ते ती सांगत होती, भोपळ्याची भाजी, वडे, खीर. मग मी तिला सिनेमा सांगितला, दोन्ही भाग, अगदी सविस्तर. ती मनापासून ऐकत होती. शार्कला हसली. घर विकायला काढतात तिथे गप्प झाली. मग म्हणाली, "मगे ती दोघां खंय गेली?"

मी म्हटलं, काकी, त्यांना वाट मिळाली म्हणे. गेली.

"आणि कोणाक काय सांगूक नाय?"

नाही, म्हटलं, सिनेमात तरी दाखवलं नाही.

ती काही बोलली नाही. पडद्यावर तिच्या मागे अंगण काळसर होत चाललं होतं, पाऊस पडून गेला होता, पागोळ्यांचा आवाज येत होता. माझी मुलगी येऊन माझ्या खांद्यावरून बघायला लागली. काकी म्हणाली, थांबा हां, दिव्याची वेळ झाली. फोन तसाच हातात धरून ती अंगणातून निघाली, चित्र हलत होतं, चिऱ्याच्या पायऱ्या दिसल्या, मग जुन्या घराचं दार. तिने कडी दोनदा वाजवली. थोडी थांबली. मग कुलूप काढलं.